मिररलेसची बॅटरी अक्षता पडायच्या आत संपते, काय करावं?

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी निकॉनचा डी५६०० हा आरशावाला डीएसएलआर होता, एका बॅटरीवर हळदीपासून वरातीपर्यंत सगळं उरकायचं, आता निकॉनचाच बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस झेड५० घेतलास तर दोन बॅटऱ्या अक्षता पडायच्या आतच संपतात. मग बॅटरीच खराब लागली का, बाजारात निम्म्या किमतीत जास्त एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेचं माप) मिळतात त्या घेऊ का, आणि रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली की बॅटरी मरते म्हणतात ते खरं का, असं विचारलंयस. मी कोल्हापुरात लग्नं, कुस्त्या, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल आणि मधनंमधनं दाजीपूरला गवे असं मिळेल ते शूट करत आलोय, बरीच वर्षं झाली, त्यामुळं सांगतोय ते रोजच्या वापरातलं आहे.

तुझ्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकत्र झालेत. आज चार्ज केलेली बॅटरी आज किती वेळ पुरते हा एक, आणि ही बॅटरी किती वर्षं टिकते हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या मेनूत आणि तुझ्या सवयीत आहे, दुसऱ्याचं तुझ्या कपाटात आणि गाडीच्या डिकीत. तुझी अडचण सध्या पहिलीच दिसतेय, म्हणून त्यावर जास्त बोलतो.

बॅटरी खराब आहे का? बहुतेक नाही. डी५६०० ची बॅटरी १२३० एमएएच, ७.२ व्होल्ट. झेड५० ची ११२० एमएएच पण ७.६ व्होल्ट. एमएएचला व्होल्टनं गुणून हजारानं भागलं की वॉट-अवर निघतात, खरी साठवण ती, आणि दोन्हीकडं ती साडेआठ ते नऊच्या मध्येच येते. म्हणजे साठवण जवळपास तेवढीच. पण कंपनीनं दिलेला आकडा बघ, डी५६०० ला एका चार्जमध्ये ९७० फोटो आणि झेड५० ला ३०० च्या आसपास. तुला जो फरक जाणवतोय तो कंपनीनं आधीच छापून ठेवलाय, फक्त विकताना दुकानदार हे पान उघडत नाही.

आता हे फोटो मोजतात कसे ते समजून घे म्हणजे अर्धा विषय तिथंच मिटतो. कॅमेरा बनवणाऱ्यांची सिपा नावाची जपानी संघटना आहे, तिची पद्धत ठरलेली आहे. २३ अंश तापमान, दर ३० सेकंदाला एक फोटो, एकाआड एक फोटोला फ्लॅश, आणि दर १० फोटोंनी कॅमेरा बंद करून परत चालू. आता ३०० फोटोंना प्रत्येकी ३० सेकंद धर, अडीच तास होतात. ९७० ला धरलेस तर आठ तास. म्हणजे आकडा फोटोंचा दिसतो पण मिररलेसमध्ये तो खरा आहे तासांचा. डीएसएलआरमध्ये तू डोळा लावून बघतोस ते आरशातनं आलेलं उजेडाचं चित्र, त्याला बॅटरी लागत नाही, कॅमेरा नुसता गळ्यात असला तरी जवळजवळ काही खात नाही. मिररलेसमध्ये सेन्सर चालू, प्रोसेसर चालू, स्क्रीन नाहीतर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) चालू, तू बटण दाब नाहीतर नको दाबू. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलवर गाडी बंद न करता उभा राहणारा गडी आणि बंद करणारा गडी, एवढाच फरक आहे, पेट्रोल दोघांनी तेवढंच भरलेलं असतं.

म्हणून "किती फोटो निघाले" हे मोजायचं सोड आणि "कॅमेरा किती वेळ जागा होता" हे मोज. फुटबॉलच्या मॅचला बर्स्टवर (बटण दाबून धरलं की सलग फोटो) मी त्याच बॅटरीतनं कंपनीच्या आकड्याच्या कितीतरी पट फ्रेम काढतो, कारण एका सेकंदात दहा फोटो निघतात आणि तेवढा सेकंदच जातो. उलट रंकाळ्यावर प्री-वेडिंग असलं की नवरीचा दुपट्टा वाऱ्यानं उडतोय, नवरदेव गॉगल शोधतोय, मावशी मधनंच फ्रेममध्ये येतात, आणि ह्या सगळ्यात कॅमेरा हातात चालू आणि स्क्रीन फुल ब्राइटनेसवर. दीडशे फोटोत कांडी लाल.

तुझ्या लग्नात नेमकं काय होत असणार ते सांगतो. कॅमेरा गळ्यात अडकवलेला असतो, त्याची पाठ तुझ्या पोटाला लागलेली. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी छोटासा काळा सेन्सर असतो, डोळा जवळ आला की स्क्रीन बंद करून व्ह्यूफाइंडर चालू करायचं एवढंच त्याचं काम. त्याला तुझा डोळा आणि तुझा कुर्ता ह्यात फरक कळत नाही. कुर्ता जवळ आला की त्याला वाटतं माणूस बघतोय, व्ह्यूफाइंडर चालू, जरा हललास की परत स्क्रीन चालू, परत टेकला की परत व्ह्यूफाइंडर, आणि काही कॅमेऱ्यांत तर ह्या नादात झोपायचा टायमरच पुढं पुढं सरकत राहतो. नवऱ्यामुलाची गाडी यायची वाट बघत तू अर्धा तास कार्यालयाच्या दारात उभा, एक फोटो काढला नाहीस, आणि कॅमेरा तो अर्धा तास पूर्ण जागा. आज घरी करून बघ, कॅमेरा गळ्यात घाल, आरशासमोर उभा राहा, आणि व्ह्यूफाइंडरच्या काचेत उजेड दिसतोय का बघ. दिसला तर तुझी निम्मी बॅटरी कुठं जातेय ते कळलं.

ह्यावर मी जे करतो ते साधं आहे. एक तर पट्टा असा लावतो की कॅमेरा कमरेजवळ लेन्स खाली करून लोंबकळेल आणि पाठ अंगाला लागणार नाही. दुसरं, पॉवर ऑफ डिलेमध्ये स्टँडबाय टायमर, म्हणजे तोच झोपायचा टायमर, सगळ्यात कमीवर ठेवायचा, शटर अर्धं दाबलं की कॅमेरा परत उठतोच, तेवढ्यात क्षण हुकत नाही. तिसरं, मॉनिटर मोडमध्ये व्ह्यूफाइंडरला प्राधान्य असा पर्याय आहे, त्यात मागची स्क्रीन शूट करताना बंदच राहते आणि कॅमेरा तुझ्या जुन्या डीएसएलआरसारखा वागतो, तुझ्या हाताला तीच सवय आहे म्हणून तुला लवकर जमेल. आणि वाट बघायची वेळ आहे असं दिसलं की सरळ स्विच ऑफ. नवीन पोरं स्विचला हात लावत नाहीत, का कुणास ठाऊक, डीएसएलआरमध्ये तो चालू ठेवला तरी चालायचं म्हणून असेल.

मेनूतल्या बाकी गोष्टी पटापट सांगतो. फोटो काढल्यावर आपोआप दिसणारा इमेज रिव्ह्यू बंद कर, प्रत्येक फोटो बघायची सवय कमी कर, मुहूर्त तर झालेला असतो, बघून काय बदलणार? स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवर नाहीतर मधे. एअरप्लेन मोड चालू, आणि स्नॅपब्रिज हे फोनवर फोटो पाठवायचं निकॉनचं ॲप वापरत असशील तर त्यात कॅमेरा बंद असताना फोटो पाठवायचा पर्याय असतो तो नक्की बघ, तो चालू राहिला तर कॅमेरा बंद करूनही बॅटरी खाली जाते आणि माणूस बॅटरीला शिव्या घालतो. ट्रायपॉडवर असलास की लेन्सचं व्हायब्रेशन रिडक्शन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद. सोनी वापरणाऱ्यांसाठी एक, मेनूत प्री-एएफ असतं, त्यात शटरला हात न लावताही लेन्स सतत फोकस शोधत असते, ते पहिल्यांदा बंद करा. कॅमेऱ्यातला वर उघडणारा फ्लॅश ह्याच बॅटरीवर चालतो, त्यापेक्षा वरचा वेगळा फ्लॅश लाव, त्याचे सेल वेगळे.

हे सगळं परिस्थितीवर आहे हेही मान्य करतो. तू फोटोबरोबर व्हिडिओही त्याच बॉडीवर घेत असशील तर वरच्या सेटिंग्जनी फार फरक पडणार नाही, रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा झोपूच शकत नाही, तिथं बॅटऱ्या जास्त ठेवणं हाच मार्ग. फक्त फोटो असतील तर माझ्या अंदाजानं तुझं लग्न दोन बॅटऱ्यांत बसायला हरकत नाही, पण तिसरी बॅगेत असावीच, कारण लग्न कधी वेळेवर लागलंय?

थोडक्यात आतापर्यंत: बॅटरी बहुतेक ठीक आहे, कॅमेरा गरज नसताना जागा राहतोय, गळ्यातला सेन्सर आणि टायमर आधी बघ, पैसे नंतर खर्च कर.

आता स्वस्तातल्या बॅटऱ्या. बाहेरच्या कंपनीच्या सगळ्याच वाईट असं मी म्हणणार नाही, मी स्वतः काही वापरतो, पण खोक्यावरच्या एमएएचवर माझा विश्वास नाही. साधा विचार कर, कॅमेऱ्यात बसायचं म्हणजे माप तेच, वजनही साधारण तेवढंच, मग कंपनी जिथं १०२० लिहिते तिथं त्याच मापात दुसरा कोणीतरी २००० कुठनं आणणार? सोनीच्या जुन्या एनपी-एफडब्ल्यू५० ची ही गोष्ट, १०२० ची बॅटरी, तिच्या नकला काय काय आकड्यांनी विकल्या जातात बघ जरा. थोडा फरक समजू शकतो, दुप्पट नाही. दुसरी अडचण चिपची. कॅमेरा बॅटरीशी बोलतो आणि टक्के दाखवतो, बाहेरच्या बॅटरीत हा अंदाज चुकला की ४० टक्क्यांवरनं सरळ बंद, आणि ते नेमकं मंगळसूत्राच्या वेळी. कॅमेऱ्याचं फर्मवेअर अपडेट केल्यावर बाहेरची बॅटरी ओळखलीच नाही असंही होतं. म्हणून माझा नियम असा, महत्त्वाच्या विधीला कंपनीची, जेवणावळी आणि स्टेजवरच्या पाहुण्यांच्या रांगेला बाहेरची. कंपनीची घेतानाही पक्कं बिल घे, हुबेहूब नकली माल भरपूर फिरतो.

घ्यायच्या आधी आणि घेतल्यावर तपासायची एक पद्धत सांगतो, ह्याला कुठलं मशीन लागत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज कर. लेन्सला कॅप लाव, कॅमेरा पंख्याखाली टेबलावर ठेव, स्क्रीनचा ब्राइटनेस ठरावीक, फुल एचडी व्हिडिओ, फोकस मॅन्युअलवर, आणि रेकॉर्डिंग चालू. रेकॉर्डिंग मधे थांबलं तर परत सुरू कर. कॅमेरा बंद पडेपर्यंतची एकूण मिनिटं लिहून ठेव. मग तुझ्या दुसऱ्या बॅटरीवर तेच, आणि नवीन आणशील तिच्यावरही तेच. तुझ्या दोन कंपनीच्या बॅटऱ्यांत थोडाफार फरक आला तर काही विषय नाही, पण एक दुसरीच्या निम्मी भरली तर ती गेली. मी प्रत्येक बॅटरीला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नंबर आणि घेतल्याचा महिना-वर्ष लिहितो, वहीत त्या नंबरापुढं मिनिटं, सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा. मोठ्या काही बॉडींत मेनूत बॅटरीचं वय दाखवतात, निकॉनच्या ईएन-ईएल१५ वाल्या कॅमेऱ्यांत ० ते ४ असं, कॅननच्या एलपी-ई६ वाल्यांत हिरव्या-लाल खुणा. तिथं तेही बघावं, पण मिनिटं खोटं बोलत नाहीत.

रात्रभर चार्जिंगचं. चांगला चार्जर बॅटरी भरली की थांबतो, त्यामुळं सकाळी उठून ती फुगलेली सापडेल असं काही नाही. पण पूर्ण भरलेल्या अवस्थेत गरम जागी पडून राहणं हे लिथियम बॅटरीला मानवत नाही, आतलं रसायन तेवढ्या भरल्या अवस्थेत जास्त लवकर झिजतं. आज रात्री लावून उद्या सकाळी लग्नाला नेलीस तर खुशाल लाव. लग्नसराई संपली म्हणून सगळ्या फुल करून कपाटात टाकल्यास आणि दिवाळीनंतर काढल्यास, तिथं नुकसान आहे. पडून ठेवायच्या असतील तर साधारण निम्म्यावर ठेव, कॅमेऱ्यातनं काढून ठेव कारण बंद कॅमेराही थोडं थोडं ओढत असतो, आणि दोन-तीन महिन्यांनी बघून खाली गेली असेल तर परत निम्म्यावर आण. अगदी शून्यावर नेऊन महिनोन्‌महिने विसरलास तर आतलं संरक्षणाचं सर्किट तिला बंद करून टाकतं आणि चार्जर तिला ओळखतच नाही.

उष्णता हा ह्यातला खरा शत्रू आहे, आणि आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजेच लग्नसराई. पूर्ण चार्ज बॅटरी वर्षभर ४० अंशात पडून राहिली तर साधारण तिसरा हिस्सा क्षमता कायमची जाऊ शकते, तीच निम्म्यावर आणि २५ अंशात ठेवली तर जेमतेम चार-पाच टक्के. आता दुपारी कार्यालयाच्या बाहेर उन्हात लावलेल्या गाडीच्या आत किती तापमान होतं ते तूच ठरव. बॅग गाडीत ठेवू नकोस, स्टेजमागच्या खोलीत ठेव, कुणाच्या तरी काकूला लक्ष ठेवायला सांग. चार्जरवरनं काढलेली गरम बॅटरी लगेच कॅमेऱ्यात घालून ४के लावू नकोस, दहा मिनिटं थंड होऊ दे. आणि नवीन बॅटरी पहिल्यांदा आठ तास चार्ज करायची, दर वेळी पूर्ण संपवूनच लावायची, हे जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या काळातलं आहे, ते सोड. लिथियमला मधेच लावलेलं उलट बरं असतं, चाळीसवरनं ऐंशीवर नेली तरी काही बिघडत नाही, आणि चारशे-पाचशे पूर्ण चक्रांनंतर ती थोडी कमी भरायला लागली तर तो तिचा नेहमीचा उतार आहे.

लग्नात मधे चार्ज करायचं तर मांडववाल्याच्या जनरेटरच्या लाइनवर चार्जर लावायला मला आवडत नाही, तिथं हॅलोजन, साउंड, कूलर सगळं एकावर, व्होल्टेज खालीवर होतं, शिवाय कोपऱ्यातल्या प्लगला लावलेला चार्जर परत मिळेल ह्याची खात्री कोण देणार? पॉवर बँक बरी. झेड५० बंद असताना यूएसबी केबलनं आतल्या आत चार्ज होतो, तू जेवायला बसलास की तो बॅगेत पॉवर बँकेला.

थोडं आपल्या भागातलं. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेला गुलालात बॅटरी बदलायची वेळ आली तर उघड्यावर दार उघडू नकोस, आडोशाला जा, आधी बॉडी कोरड्या ब्रशनं झाड आणि मग दार उघड, तो बारीक गुलाल बॅटरीच्या धातूच्या पट्ट्यांवर बसला की संपर्क नीट होत नाही आणि कॅमेरा मधेच बंद पडतो. पावसात गगनबावड्याला, पन्हाळ्याला गेलास तर दमटपणानं तेच होतं. पट्ट्या कोरड्या सुती कापडानं पूस, ओलं काही लावू नकोस. सुट्ट्या बॅटऱ्या खिशात किल्ल्या आणि चिल्लर ह्यांच्याबरोबर टाकू नकोस, टोकं जोडली गेली तर खिसा तापतो, प्लास्टिकची टोपी मिळते ती लाव. उजळाईवाडीहून विमानानं कुठं जाणार असशील तर जादा बॅटऱ्या हँडबॅगेतच, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. १०० वॉट-अवरच्या आतल्या नेता येतात, तुझी नऊचीही नाही, त्यामुळं चिंता नाही. थंडीचा त्रास आपल्याला इथं नाही, हिमालयात गेलास तर बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेव, थंडीनं खाली पडलेले टक्के उबेत बरेचसे परत येतात.

वरच्या फ्लॅशला चार्ज होणारे पेन्सिल सेल वापरत असशील तर त्यांना हे नियम लागू नाहीत, ते निकेल मेटल हायड्राइड, १.२ व्होल्टचे. चार सेलचा सेट एकाच वेळी घेतलेला एकत्रच ठेव, एक म्हातारा सेल आला की चौघांचा रिसायकल टाइम (फ्लॅश परत तयार व्हायला लागणारा वेळ) बिघडतो.

आणि कुठलीही बॅटरी थोडी जरी फुगलेली वाटली, कॅमेऱ्यात घालताना घट्ट लागली, तर ती जबरदस्तीनं घालू नकोस. आत अडकली की बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट दुरुस्तीला जातील. तिला चार्जही करायचं नाही, टोचायचं नाही, कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडं द्यायची.

आधी आरशासमोरची ती तपासणी कर, मग दोन्ही बॅटऱ्यांची मिनिटं मोज आणि मला कळव. एकीची फारच कमी आली आणि बिल वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला काय लिहून द्यायचं ते सांगतो.